बँक सोमवारी उघडते

मला ऑफिसात सगळे 'तिजोरीवाले तांबे' म्हणतात. पाठीमागे आणखी काय काय म्हणतात तेही ठाऊक आहे मला, पण ते जाऊ द्या. इथे बहारीनला, मनामातल्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत मी एकोणीस वर्षं आहे. काम टायपिंगचं, फायलींचं, आणि मुख्य म्हणजे पासपोर्टांचं. दोनशे चौदा माणसांचे पासपोर्ट माझ्या टेबलामागच्या लोखंडी तिजोरीत असतात. माणूस विमानातून उतरला की त्याचा पासपोर्ट माझ्याकडे जमा, त्याच्या खिशात राहणार फक्त रेसिडेंट कार्ड. गावी जायचंय? फॉर्म भरा, फोरमनची सही घ्या, अरबाबची म्हणजे मालकाची सही घ्या, मग माझ्याकडे या. मी नंबर तपासणार, रजिस्टरवर सही घेणार, मगच पुस्तक हातात मिळणार. एकोणीस वर्षांत एक पासपोर्ट हरवला नाही, एकाचं पान दुमडलं नाही. हे मी कोणालाही सांगत सुटायचो, कोणी न विचारता.

घरच्यांनाही सूट नव्हती. माझा, माझी बायको इंदूचा आणि मुलाचा, उज्ज्वलचा, तिघांचे पासपोर्ट त्याच तिजोरीत. इंदूला हे कधी पटलं नाही. "अहो, आपलं पुस्तक आपल्या घरात ठेवायला कोणाची चोरी आहे का?" असं ती दर सुट्टीनंतर म्हणायची. नईममधल्या आमच्या दोन खोल्यांत तेवढी जागा नव्हती असं नाही. पण माझं डोकं तिरकं. मी म्हणायचो, "दोनशे माणसांना नियम लावतो मी, आणि स्वतःचा पासपोर्ट उशीखाली ठेवू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." उज्ज्वलला तर लहानपणापासून शिस्त लावली होती. खेडहून सुट्टी संपवून आलो की दारातच तो पासपोर्ट माझ्यापुढे धरायचा, "पप्पा, कीप इट," आणि मग वाकून बुटाच्या नाड्या सोडायचा. शाळा ईसा टाउनची, इंग्रजी. आई मराठीत बोलायची, हा इंग्रजीत उत्तर द्यायचा. पण पासपोर्टाच्या बाबतीत एकदम शहाणा. मला त्याचं भारी कौतुक.

पुण्याला इंजिनियरिंग करून तो त्र्याण्णव साली बेल्जियमला गेला, गेंट नावाच्या गावात, एका कारखान्यात. जाताना मी बजावलं, "पोचलास की पासपोर्ट कंपनीकडे जमा कर. पावती घ्यायला विसरू नकोस." आणि पोरगं खरंच गेलं की हो ऑफिसात पासपोर्ट घेऊन! तिथल्या बाईला आधी कळेचना हा काय म्हणतोय ते, मग ती हसायला लागली. म्हणाली, हा आम्ही ठेवून घेतला तर आमच्यावर केस होईल, तुझा आहे, घरी ने. उज्ज्वलने ही गंमत फोनवर सांगितली. इंदू तोंडाला पदर लावून हसली. मला मात्र धडकी भरली. भाड्याच्या खोलीत पासपोर्ट? मी इथे नवा आलो तेव्हा माझ्या पहिल्या खोलीतल्या सोबत्याचा असाच चोरीला गेला होता, सात महिने तो बिचारा ना इथला ना तिथला, बापाच्या तेराव्यालाही जाऊ शकला नाही. मी म्हटलं, "हसू नकोस उज्ज्वल. बँकेत लॉकर घे. कार्ड खिशात, पासपोर्ट लॉकरात. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला." त्याने घेतलं लॉकर. त्याचा नंबर मी माझ्या डायरीत लाल शाईने लिहून ठेवला.

पंचाण्णवच्या मार्चनंतर त्याचे फोन वेगळेच यायला लागले. "पप्पा, बॉर्डरच गेली!" तिकडच्या सात देशांनी आपसातले नाके काढून टाकले होते, आणि तेही नुसतं आपल्याच लोकांसाठी नाही. उज्ज्वलसारखा परका माणूस, पण एका देशात कायदेशीर राहतोय, त्याच्याकडे तिथलं कार्ड आहे, तर तोही बाकीच्या देशांत तीन महिने हिंडायला मोकळा. व्हिसा नको, कोणाची सही नको. कार्डाच्या जोडीला पासपोर्ट जवळ ठेवायचा असतो हे त्या कायद्यात लिहिलेलं होतं म्हणे. ते मला मागाहून कळलं, आणि त्याला कधी कोणी विचारलंच नव्हतं. आगगाडी हॉलंडात कधी शिरते, जर्मनीत कधी शिरते, पत्ता लागत नाही, नुसती स्टेशनावरच्या पाट्यांची भाषा बदलते, असं तो सांगायचा. मला खरं वाटायचं नाही. इथून समुद्रावरचा पूल, कॉजवे, ओलांडून सौदीला जायचं तर आमच्या माणसांना किती कागद लागतात ते मीच रोज टाईप करत होतो. "अरे पण कोणाला विचारून गेलास?" मी विचारायचो. "नोबडी, पप्पा. कोणालाच नाही." तोवर इंदू माझ्या हातातला फोन ओढायची. "फिर रे बाबा, फिर. तुझ्या बापाने मला इथल्या समुद्रकाठच्या कॉर्निशच्या पलीकडे नेलं नाही, तू फिर."

आता सिराजचं सांगायला हवं. टाळलं तर बरं वाटेल मला, पण टाळून चालायचं नाही.

सिराज परकार आमच्याच खेड तालुक्यातला, खाडीपलीकडच्या गावचा. कंपनीत एसी मेकॅनिक. घर सनाबिसला. त्याची बायको नसीमा आणि इंदू यांचं सख्ख्या बहिणींसारखं. चौऱ्याण्णव साली सिराजच्या आईने अंथरूण धरलं आणि गावाहून फोन आला, आज-उद्याचं काही खरं नाही, निघा. सिराज फॉर्म भरून माझ्या टेबलापाशी आला. फोरमनची सही होती, अरबाबची नव्हती. अरबाब लंडनला गेलेला. सिराज म्हणाला, "भाऊ, चावी तुमच्या कमरेला हाय. आठ दिवसांत परत आणून ठेवतो. सही तुमी मागनं घ्या." मी म्हटलं, "सिराज, नियम तो नियम. तुझ्यासाठी मोडला तर उद्या रांग लागेल." तो अर्धा तास तसाच उभा होता. मी टाईप करत राहिलो.

तिसऱ्या दिवशी लंडनहून फॅक्सने सही आली. तोवर म्हातारीला मातीही दिली होती. मी पासपोर्ट काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो बोटाने माझ्याकडे परत सरकवला. "ऱ्हाऊ दे. आता जाऊन काय करू." त्यानंतर आमच्यात सलाम आणि जय भीम, बास, तेवढंच. इंदूने पंधरा दिवस मला जेवायला वाढलं पण तोंडातून शब्द काढला नाही. मला वाईट वाटत होतं, पण चुकल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं. माझी नोकरी गेली असती, असं मी स्वतःला सांगायचो. आज खरं सांगतो, नोकरी-बिकरी काही गेली नसती. अरबाब दोन दिवस ओरडला असता आणि विसरून गेला असता.

इंदूच्या हृदयाची झडप लहानपणापासून खराब. शहाण्णवच्या ऑक्टोबरात एका गुरुवारी तिला श्वास पुरेना म्हणून हॉस्पिटलात नेलं. शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. हिंदीत म्हणाल्या, "जिसको बुलाना है, बुला लीजिए. दो दिन. ज्यादा नहीं." मी आत गेलो. इंदू जागी होती, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. माझं तोंड बघूनच ती समजली. मास्क वर करून म्हणाली, "उज्याला बोलवा. एकदा बघू दे मला त्याला." तीन वर्षं झाली होती त्याला पाहून. वॉर्डातला फोन नर्सच्या टेबलावर, त्याची वायर पलंगापर्यंत पोचेना. म्हणजे नुसता आवाज ऐकवायचीसुद्धा सोय नव्हती. तो यायलाच हवा होता.

गेंटला फोन लावला. घरमालकीण म्हणाली, तो शनिवार-रविवार मित्राकडे फ्रँकफुर्टला गेलाय, जर्मनीत. नंबर ठेवून गेला होता, हीसुद्धा माझीच शिकवण. मित्राकडे उज्ज्वल मिळाला. ऐकलं आणि भराभर बोलायला लागला. "पप्पा, इथून बहारीनला थेट विमान आहे, आज रात्रीच! गेंटला असतो तर उद्याच निघता आलं असतं. उद्या सकाळी मी तिथे. आईला सांगा." मला हायसं वाटलं. मी मनाशी म्हटलं, देव नाही मानत आपण, पण हे नशीबच म्हणायचं. पोरगं नेमकं दुसऱ्या देशात, कोणाला न विचारता गेलेलं, आणि विमान त्याच देशातून.

इकडे व्हिसा हवा होता. टॅक्सी करून ऑफिस गाठलं. अरबाब होते. त्यांनी उभ्या उभ्या सही केली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, "इंशाल्ला खैर" म्हणाले आणि स्वतः इमिग्रेशनमध्ये ओळखीच्या माणसाला फोन केला. फॉर्मवर उज्ज्वलचा पासपोर्ट नंबर लिहायचा होता. मला तो तोंडपाठ. इतकी वर्षं तिजोरी सांभाळली ती काय उगाच? त्याला फोन करून विचारायची गरजच पडली नाही. मला त्या घाईतही माझा अभिमान वाटला बघा, काय म्हणावं या माणसाला! दीड वाजता व्हिसा मंजूर होऊन विमानतळावर जमा झाला. बहारीनचं दार सताड उघडं होतं.

इंदूला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत जीव आला. नसीमा सकाळपासून तिच्याजवळ बसली होती. इंदू तिला म्हणाली, "केस विंचर गो माझे. पोरगा घाबरेल असं बघून." मग थांबून थांबून म्हणाली, "घरात सुकट आहे. त्याची चटणी कर. भाकरी कर. तिकडे काय मिळत असेल त्याला." नसीमा डोळे पुसत पुसत हो हो म्हणत होती. मी खिडकीत उभा राहून तोंड फिरवलं. चार वाजत आले होते.

तेवढ्यात नर्सने हाक मारली, फोन आहे. उज्ज्वलच होता. आवाज एवढासा. "पप्पा, पासपोर्ट."

"काय झालं पासपोर्टाला?"

"लॉकरमध्ये आहे. गेंटला."

तिकिटाच्या काउंटरवर बाईने पासपोर्ट मागितला, तेव्हा त्याने पुढे केलं ते कार्ड. दीड वर्षं तो त्या कार्डावर पाच देश फिरला होता. देश बदलायला कार्ड पुरतं हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. पासपोर्ट ही कुलपात ठेवायची वस्तू, खिशात बाळगायची नाही, हे तर त्याहून जुनं, मीच भिनवलेलं. "डोक्यातच आलं नाही, पप्पा. सकाळी तुम्ही फोन केला तेव्हाही नाही आलं." तो लहान मुलासारखा हुंदके देत होता.

मी ओरडलो, "मग जा की गेंटला! आण काढून!"

"बँक बंद आहे. आज शनिवार. सोमवारी सकाळी नऊला उघडते."

"किल्ली कुठाय?"

"किल्ली माझ्या हातात आहे, पप्पा."

मी काय काय बडबडलो ते आठवत नाही. मॅनेजरचं घर शोध, पोलिसांकडे जा, कुलूप फोड. नर्स ओठांवर बोट ठेवून खुणावत होती. फोन ठेवला आणि वळलो तर मागे सिराज. नसीमाला घरी न्यायला आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता बोलेल. बोलायला हवं होतं त्याने, माझ्या तोंडावर थुंकायला हवं होतं. त्याने एवढंच विचारलं, "भाऊ, बँकेकडं दुसरी चावी नसते काय?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता खाली जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आला.

उज्ज्वल त्याच रात्री आगगाडीने गेंटला परत गेला. रविवारी सकाळी त्याचा फोन आला. मॅनेजरच्या घरी जाऊन आला होता. मॅनेजर भला माणूस, बूट घालून निघालासुद्धा होता, पण तळघराच्या दाराला घड्याळाचं कुलूप, सोमवार उजाडल्याशिवाय त्याच्या बापालाही उघडत नाही. ब्रसेल्सची आपली वकिलात रविवारची बंद. उज्ज्वल बँकेच्या पायऱ्यांवर बसून होता. काय करणार होता तिथे बसून? पण बसला होता.

मी इंदूशी खोटं बोललो. सकाळी म्हटलं, विमान लेट आहे. दहाला म्हटलं, दुपारी येईल. तिची नजर दारावरून हलत नव्हती. दार वाजलं की मान उचलायची, नर्स दिसली की परत टेकायची. दुपारी दोनच्या सुमाराला तिने मला जवळ बोलावलं आणि मास्क काढला.

"खरं सांगा. पासपोर्ट कुठाय त्याचा?"

सव्वीस वर्षांचा संसार. माझ्या नकळत ती सगळं ओळखून होती. मी म्हटलं, "बँकेत."

"तुम्हीच ठेवायला लावला होता."

मी मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं, तिच्या रागाशी माझी जुनी ओळख. ती म्हणाली, "पोराला बोलू नका काही. तो रडत असेल." मग श्वास जमवून म्हणाली, "सिराजची आईसुद्धा अशीच दाराकडे बघत असेल हो."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. रुसून नाही, तेवढा श्वासच उरला नव्हता. नसीमाचा हात तिने घट्ट धरून ठेवला होता. पावणेपाचला तो हात सुटला. मी 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणायला तोंड उघडलं आणि पुढचं आठवेचना. जन्मभर म्हटलेलं, आणि आठवेचना. शेवटी मी तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो आणि नसीमा भिंतीला डोकं टेकून रडत होती.

सोमवारी मी ऑफिसात गेलो. मृत्यूच्या कागदांसाठी इंदूचा पासपोर्ट लागणार होता, आणि तो माझ्याच तिजोरीत होता. कमरेची किल्ली काढून मी तिजोरी उघडली. तिचं पुस्तक नव्यासारखं होतं, एक पान दुमडलेलं नव्हतं. फोटोत ती चाळीशीची, कपाळावर मोठं कुंकू, कोणीतरी 'हसू नका' म्हटल्यामुळे ओठ दाबून धरलेले. एकोणीस वर्षांत पाच वेळा ती या तिजोरीतून बाहेर पडली होती, पाचही वेळा खेडला. मी टेबलावर डोकं ठेवून मोठ्याने रडलो. बाहेरची माणसं आत आली नाहीत.

त्याच सकाळी गेंटची बँक नऊला उघडली. उज्ज्वल मंगळवारी उतरला. विमानतळावर त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत, व्हिसा तयारच होता. मी त्याला तिथून सरळ हॉस्पिटलच्या शवागारात नेलं. त्याने आईच्या विंचरलेल्या केसांवरून हात फिरवला आणि मराठीत म्हणाला, "आई, मी आलोय." शाळेत जायला लागल्यापासून तो तिच्याशी असा सरळ मराठीत कधी बोललेला मला आठवत नाही.

दुपारी स्मशानात सगळं आटोपलं. लाकडं रचण्यापासून पाणी देण्यापर्यंत सगळं सिराजने केलं, दोन दिवसांची लीव्ह टाकून. माणसं पांगली आणि तो त्याच्या गाडीतून आम्हा दोघांना नईमला घेऊन आला. आत नसीमाने भाकरी आणि सुकटीची चटणी झाकून ठेवली होती. त्याचा वास दारापर्यंत येत होता.

उज्ज्वल उंबऱ्यापाशी थांबला. तीन वर्षांनी घरी येत होता. त्याने कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, पासपोर्ट काढला आणि माझ्यापुढे धरला. "पप्पा, कीप इट." आणि दुसऱ्या हाताने तो बुटाच्या नाड्या सोडायला वाकलासुद्धा. आपण काय करतोय हे त्याला कळत नव्हतं. अंगात मुरलेलं होतं ते.

माझा हात उचलला गेला नाही. मी त्या निळ्या पुस्तकाकडे नुसता बघत उभा राहिलो. मागून सिराज पुढे आला. त्याने पासपोर्ट उज्ज्वलच्या हातातून घेतला, त्याच्याच शर्टाच्या खिशात घातला आणि वरून बटण लावलं.

"हा अंगावर ठेव, बाला," तो म्हणाला. "अजून बाप हाय तुजा."